जर्सी जो वॉलकॉट

जर्सी जो वॉलकॉट (मूळ नाव: अर्नोल्ड रेमंड क्रीम, ३१ जानेवारी १९१४ – २५ फेब्रुवारी १९९४) हे अमेरिकन व्यावसायिक मुष्टियोद्धे आणि १९५१–५२ या काळातील हेवीवेट गटाचे जगज्जेते होते. वयाच्या ३७ व्या वर्षी, पाचव्या प्रयत्नात त्यांनी हे पद मिळवले. हेवीवेट जगज्जेतेपद जिंकणारा सर्वांत वयस्कर मुष्टियोद्धा हा त्यांचा विक्रम त्यांच्या हयातीत अबाधित राहिला.

५ डिसेंबर १९४७ रोजी जो लुईस यांच्याविरुद्ध झालेल्या लढतीत वॉलकॉट यांना गुणांवर पराभूत ठरवण्यात आले. हा निकाल मुष्टियुद्धाच्या इतिहासातील वादग्रस्त निर्णयांपैकी एक मानला जातो. पुढे वॉलकॉट स्वतः पंच झाले आणि १९६५ मध्ये मुहम्मद अली व सनी लिस्टन यांच्या दुसऱ्या लढतीतील त्यांच्या कामगिरीवर कठोर टीका झाली. त्यानंतर ते न्यू जर्सी राज्याच्या मुष्टियुद्ध नियामक मंडळाचे अध्यक्षही झाले. अन्यायाची तक्रार करणारा खेळाडू, टीकेचा धनी झालेला पंच आणि नियमनाची जबाबदारी असलेला अधिकारी अशा तिन्ही भूमिका त्यांच्या वाट्याला आल्यामुळे व्यावसायिक मुष्टियुद्धातील पंचगिरी आणि अर्थकारण यांच्या अभ्यासात त्यांच्या चरित्राला महत्त्व आहे.

प्रारंभिक जीवन

वॉलकॉट यांचा जन्म अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील कॅम्डेन शहरालगत एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. त्यांचे वडील कॅरिबियन समुद्रातील सेंट थॉमस बेटावरून (तत्कालीन डॅनिश वेस्ट इंडीज) अमेरिकेत स्थलांतरित झाले होते. अर्नोल्ड लहान असतानाच वडिलांचे निधन झाले. आई आणि धाकटी भावंडे यांच्या उदरनिर्वाहासाठी त्यांना शाळा सोडावी लागली व त्यांनी सूप तयार करणाऱ्या कारखान्यात काम धरले. त्याच सुमारास ते मुष्टियुद्धाच्या व्यायामशाळेत जाऊ लागले.

विसाव्या शतकाच्या आरंभी ‘बार्बाडोस’ जो वॉलकॉट नावाचे एक कृष्णवर्णीय मुष्टियोद्धे वेल्टरवेट गटाचे जगज्जेते होते. अर्नोल्ड यांनी या आदर्श खेळाडूचे नाव धारण केले आणि स्वतःच्या राज्याची ओळख म्हणून त्याला ‘जर्सी’ हा शब्द जोडला. पुढे हेच नाव रूढ झाले.

व्यावसायिक कारकीर्दीचा आरंभ

सप्टेंबर १९३० मध्ये, सोळाव्या वर्षी, वॉलकॉट यांनी पहिली व्यावसायिक लढत खेळली व ती पहिल्याच फेरीत जिंकली. तथापि पुढील चौदा-पंधरा वर्षे त्यांना स्थैर्य लाभले नाही. हा काळ जागतिक महामंदीचा होता. छोट्या लढतींच्या मानधनातून घरखर्च चालत नसे, त्यामुळे मिळेल ती मजुरी करून उरलेल्या वेळेत सराव करावा लागे. अनेकदा लढतीचे निमंत्रण ऐनवेळी येई आणि पुरेशा तयारीविना, अपुऱ्या आहारावर त्यांना रिंगणात उतरावे लागे.

या काळात त्यांच्या हातून एक मोठी संधी निसटली. नामवंत प्रशिक्षक जॅक ब्लॅकबर्न यांनी त्यांना शिष्य म्हणून स्वीकारण्याची तयारी दाखवली होती. परंतु त्याच वेळी वॉलकॉट विषमज्वराने आजारी पडले. ब्लॅकबर्न यांनी नंतर शिकागो येथे ज्या तरुणाला घडवले, तो जो लुईस. १९३६ मध्ये वॉलकॉट यांनी काही काळ लुईस यांच्या सराव शिबिरातही काम केले.

१९३६ मध्ये अल एटोरे, १९३७ व १९३८ मध्ये टायगर जॅक फॉक्स आणि फेब्रुवारी १९४० मध्ये एब सायमन यांच्याकडून पराभव झाल्यानंतर वॉलकॉट खेळापासून जवळजवळ दूर गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी कॅम्डेनच्या जहाजबांधणी कारखान्यात काम केले. पत्नी लिडिया आणि सहा मुले असा त्यांचा संसार होता.

कृष्णवर्णीय हेवीवेट मुष्टियोद्ध्यांना त्या काळी आणखी एक अडथळा होता. १९१५ मध्ये पहिले कृष्णवर्णीय जगज्जेते जॅक जॉन्सन यांचा पराभव झाल्यानंतर १९३७ मध्ये लुईस यांना संधी मिळेपर्यंत, म्हणजे तब्बल २२ वर्षे, एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला या पदासाठी लढू देण्यात आले नाही. हॅरी विल्स हे अनेक वर्षे अग्रगण्य आव्हानवीर होते, पण जॅक डेम्प्सी यांच्याशी त्यांची लढत कधीच झाली नाही. वॉलकॉट यांच्या उमेदीची पहिली सात वर्षे याच काळात गेली.

पुनरागमन

महायुद्धाच्या अखेरीस कॅम्डेन परिसरातील फेलिक्स बोकीकियो यांनी वॉलकॉट यांचे व्यवस्थापकपद स्वीकारले. बोकीकियो यांची पार्श्वभूमी निष्कलंक नव्हती. जुगार व गुन्हेगारी यांच्याशी त्यांचा पूर्वसंबंध होता. वॉलकॉट यांनी प्रथम नकार दिला आणि आपल्या घरातील कोळशाची पेटी रिकामी असल्याचे सांगितले, तेव्हा बोकीकियो यांनी घरात कोळसा व अन्नधान्य भरून दिले, अशी हकिकत सांगितली जाते. गुणवान परंतु निर्धन खेळाडू आणि त्याच्या पोटाची सोय करणारा, पण संशयास्पद वर्तुळात वावरणारा व्यवस्थापक ही जोडी त्या काळच्या अमेरिकन मुष्टियुद्धात अपवादात्मक नव्हती. अधिकृत संस्थांकडून खेळाडूंना कोणतेही संरक्षण नसल्यामुळे ही पोकळी अशा व्यक्ती भरून काढत.

नियमित आहार व सराव मिळू लागताच वॉलकॉट यांचा खेळ बहरला. त्यांनी १९४५ मध्ये जो बाक्सी आणि १९४६ मध्ये जिमी बिव्हिन्स व ली ओमा या नामांकित खेळाडूंना हरवले. १९४६ च्या उत्तरार्धात जोई मॅक्सिम आणि एल्मर रे यांच्याकडून ते गुणांवर पराभूत झाले. पण १९४७ मध्ये त्यांनी रे यांना एकदा आणि मॅक्सिम यांना दोनदा हरवून परतफेड केली. त्यामुळे जगज्जेत्याच्या आव्हानवीरांमध्ये त्यांची गणना होऊ लागली.

जो लुईस यांच्याशी पहिली लढत (१९४७)

पार्श्वभूमी

जो लुईस जून १९३७ पासून जगज्जेते होते आणि अमेरिकेतील अत्यंत लोकप्रिय खेळाडू होते. महायुद्धात त्यांनी सैन्यात सेवा केली होती व १९४२ मधील दोन लढतींचे आपले मानधन नौदल व भूदलाच्या मदतनिधींना दिले होते. न्यूयॉर्कमधील मॅडिसन स्क्वेअर गार्डन येथील मोठ्या लढती माइक जेकब्स यांच्या ट्वेंटिएथ सेंच्युरी स्पोर्टिंग क्लब या संस्थेमार्फत होत आणि या संस्थेचा सारा व्यवसाय लुईस यांच्या नावावर उभा होता.

वॉलकॉट यांच्याशी लढत प्रथम दहा फेऱ्यांची प्रदर्शनीय लढत म्हणून ठरली होती. परंतु जगज्जेत्याविरुद्धची अशी लढत पदासाठीच व्हावी, असा आग्रह न्यूयॉर्कच्या राज्य नियामक मंडळाने धरल्यामुळे ती पंधरा फेऱ्यांची अधिकृत लढत ठरली. पैज लावणाऱ्यांच्या हिशेबात वॉलकॉट यांच्या विजयाची शक्यता नगण्य होती. भाव लुईस यांच्या बाजूने दहास एक असा होता.

लढतीचे स्वरूप

५ डिसेंबर १९४७ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये १८ हजारांहून अधिक प्रेक्षक उपस्थित होते. वॉलकॉट यांनी पहिल्याच फेरीत लुईस यांना खाली पाडले आणि चौथ्या फेरीत पुन्हा एकदा पाडले. लुईस सतत पुढे सरकत होते, तर वॉलकॉट मागे व बाजूला सरकत, हुलकावणी देत अचूक प्रहार करीत होते. लढतीच्या शेवटच्या भागात विजय निश्चित झाला आहे, असे समजून वॉलकॉट यांच्या सहायकांनी त्यांना धोका न पत्करण्याचा सल्ला दिला. त्यानुसार अखेरच्या फेरीत त्यांनी बहुतांश वेळ प्रतिस्पर्ध्यापासून दूर राहण्यात घालवला.

अंतिम घंटा झाल्यावर लुईस निर्णयाची वाट न पाहता रिंगणाबाहेर जाऊ लागले होते; त्यांना थांबवावे लागले. आपण हरलो, अशी त्यांची समजूत झाल्याचे यातून अनेकांनी अनुमान काढले.

निर्णय

त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये रिंगणातील पंच आणि बाहेर बसलेले दोन परीक्षक असे तिघे मिळून निर्णय देत. प्रत्येक फेरी कोणी जिंकली याची नोंद होई आणि अधिक फेऱ्या जिंकणारा खेळाडू त्या गुणपत्रकावर विजयी ठरे. तिघांची गुणपत्रके पुढीलप्रमाणे होती:

पंच रूबी गोल्डस्टीन: वॉलकॉट ७, लुईस ६, बरोबरी २
परीक्षक फ्रँक फोर्ब्स: लुईस ८, वॉलकॉट ६, बरोबरी १
परीक्षक मार्टी मन्रो: लुईस ९, वॉलकॉट ६

दोन विरुद्ध एक अशा मतांनी लुईस विजयी घोषित झाले. प्रेक्षागृहात निषेधाचे आवाज उठले. लढत प्रत्यक्ष पाहणाऱ्यांपैकी बहुसंख्यांच्या मते वॉलकॉट जिंकले होते. वॉलकॉट यांच्या बाजूने आक्षेप घेतला गेला. परंतु निकाल कायम राहिला.

निर्णयावरील वाद

या निर्णयाची चिकित्सा करताना काही मुद्दे वेगळे करणे आवश्यक ठरते.

पहिला मुद्दा गुणपद्धतीचा. केवळ फेऱ्या मोजण्याच्या पद्धतीत निसटती जिंकलेली फेरी आणि प्रतिस्पर्ध्याला खाली पाडून जिंकलेली फेरी यांचे मूल्य सारखेच असते. त्यामुळे वॉलकॉट यांनी लुईस यांना दोनदा पाडले, तरी त्याचे फळ फार तर दोन फेऱ्यांपुरतेच मर्यादित राहिले. आज प्रचलित असलेल्या दहा गुणांच्या पद्धतीत खाली पडणाऱ्या खेळाडूचा सामान्यतः एक जादा गुण कमी होतो. त्या पद्धतीने हिशेब केला असता फरक बराच कमी झाला असता, अशी मांडणी करता येते.

दुसरा मुद्दा अलिखित संकेताचा. जगज्जेत्याचे पद त्याच्याकडून निर्विवादपणे हिरावून घेतले पाहिजे, संशयाचा फायदा जगज्जेत्याला मिळावा, असा समज मुष्टियुद्धात खोलवर रुजलेला होता. तो कोणत्याही नियमात नव्हता. पुढे सरकून आक्रमण करणाऱ्याला झुकते माप देण्याची प्रवृत्तीही होती आणि मागे सरकत लढणाऱ्या वॉलकॉट यांना तिचा फटका बसला. अखेरच्या फेरीतील त्यांचा बचावात्मक पवित्रा या दोन्ही संकेतांच्या दृष्टीने घातक ठरला.

तिसरा मुद्दा आर्थिक हितसंबंधांचा. परीक्षकांची नेमणूक राज्य मंडळ करीत असे, आयोजक नव्हे. आणि या लढतीत परीक्षकांनी लाच घेतल्याचा कोणताही पुरावा पुढे आलेला नाही. तरीही लुईस पराभूत झाले असते तर आयोजकांचा सर्वांत मोठा आधार कोसळला असता, हे उघड होते. उलट वादग्रस्त विजयामुळे पुनर्लढतीची मागणी आपोआप निर्माण झाली.

गुणपत्रकांचे गणितही लक्षणीय आहे. फोर्ब्स यांनी लुईस यांना दिलेली एकच फेरी वॉलकॉट यांना दिली असती, तर त्यांचे गुणपत्रक ७–७–१ असे झाले असते. मग एक मत वॉलकॉट यांना, एक लुईस यांना व एक बरोबरीचे, म्हणजे लढत अनिर्णित ठरली असती आणि तेव्हाही पद लुईस यांच्याकडेच राहिले असते. वॉलकॉट यांना पद मिळण्यासाठी फोर्ब्स यांचे मत किमान दोन फेऱ्यांबाबत बदलणे आवश्यक होते. एका व्यक्तीच्या दोन फेऱ्यांवरील मतावर एका खेळाडूचे भवितव्य अवलंबून होते, हे या हिशेबातून स्पष्ट होते.

लुईस यांच्याशी दुसरी लढत (१९४८)

पुनर्लढत पावसामुळे पुढे ढकलली जाऊन २५ जून १९४८ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर झाली. सुमारे ४२ हजार प्रेक्षक उपस्थित होते. वॉलकॉट यांनी तिसऱ्या फेरीत लुईस यांना पुन्हा खाली पाडले. मात्र अकराव्या फेरीत लुईस यांनी प्रहारांचा वर्षाव करून त्यांना नॉकआउट केले. लुईस यांच्या जगज्जेतेपदाच्या रक्षणाची ही पंचविसावी लढत होती. या निकालाविषयी कोणताही वाद झाला नाही.

इंटरनॅशनल बॉक्सिंग क्लब आणि जगज्जेतेपदाचे राजकारण

१ मार्च १९४९ रोजी लुईस यांनी निवृत्ती जाहीर केली. या निवृत्तीमागे एक व्यापारी करार होता. धनाढ्य उद्योजक जेम्स नॉरिस आणि आर्थर वर्ट्झ यांनी लुईस यांच्याशी असे ठरवले की, त्यांनी पद सोडावे, मात्र तत्पूर्वी एझर्ड चार्ल्स, जर्सी जो वॉलकॉट, ली सॅव्होल्ड आणि गस लेस्नेविच या चार प्रमुख आव्हानवीरांना करारबद्ध करून ते करार नॉरिस व वर्ट्झ यांच्याकडे सोपवावेत. त्या बदल्यात लुईस यांना दीड लाख डॉलर, नव्या संस्थेत वेतनाचे पद व काही भागभांडवल देण्यात आले. यातून इंटरनॅशनल बॉक्सिंग क्लब ही संस्था उभी राहिली. जेकब्स यांच्या संस्थेचे हक्कही विकत घेण्यात आले. मोठी क्रीडागृहे, दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपण आणि खेळाडूंचे करार एकाच हाती आल्यामुळे काही वर्षे अमेरिकेतील जगज्जेतेपदाच्या बहुसंख्य लढती या गटाच्या नियंत्रणाखाली झाल्या.

रिक्त पदासाठी २२ जून १९४९ रोजी शिकागो येथे चार्ल्स व वॉलकॉट यांची लढत झाली. चार्ल्स गुणांवर विजयी झाले. राष्ट्रीय मुष्टियुद्ध संघटनेने त्यांना जगज्जेते मानले; न्यूयॉर्क राज्याने मात्र प्रारंभी मान्यता दिली नाही. सप्टेंबर १९५० मध्ये पुनरागमन केलेल्या लुईस यांना चार्ल्स यांनी हरवल्यानंतरच हा तिढा सुटला.

दरम्यान वॉलकॉट यांनी मे १९५० मध्ये जर्मनीतील मानहाइम येथे हाइन टेन होफ यांना हरवले; परंतु नोव्हेंबर १९५० मध्ये तरुण खेळाडू रेक्स लेन यांच्याकडून ते पराभूत झाले. असे असूनही मार्च १९५१ मध्ये चार्ल्स यांच्याविरुद्ध पदाची संधी लेन यांना न मिळता वॉलकॉट यांना मिळाली. डेट्रॉइट येथील या लढतीतही चार्ल्स गुणांवर विजयी झाले. त्यानंतर अवघ्या चार महिन्यांत वॉलकॉट यांना पुन्हा संधी देण्यात आली. १९४७ मध्ये ज्या व्यवस्थेने वॉलकॉट यांना पद नाकारले, तशाच व्यवस्थेचा या वेळी त्यांना लाभ झाला. गुणवत्तेच्या क्रमापेक्षा करार कोणाकडे आहे, याला अधिक महत्त्व आले होते.

या मक्तेदारीविरुद्ध अमेरिकन सरकारने खटला भरला. १९५५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यावसायिक मुष्टियुद्ध मक्तेदारीविरोधी कायद्याच्या कक्षेत येते, असा निर्णय दिला. त्यानंतर कनिष्ठ न्यायालयाने संस्थेच्या विसर्जनाचा आदेश दिला आणि जानेवारी १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. पडद्यामागून अनेक खेळाडूंवर नियंत्रण ठेवणारा गुन्हेगारी सूत्रधार फ्रँकी कार्बो याला १९६१ मध्ये खंडणीच्या खटल्यात २५ वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. तोपर्यंत वॉलकॉट निवृत्त होऊन आठ वर्षे झाली होती.

जगज्जेतेपद (१९५१–५२)

१८ जुलै १९५१ रोजी पिट्सबर्गच्या फोर्ब्स फील्ड मैदानावर वॉलकॉट यांनी सातव्या फेरीत डाव्या हाताच्या एकाच प्रहाराने चार्ल्स यांना नॉकआउट केले. यासह २१ वर्षांच्या कारकीर्दीनंतर ते जगज्जेते झाले. या वेळी निर्णय परीक्षकांच्या हाती उरलाच नाही. हा प्रहार हेवीवेट गटाच्या इतिहासातील उत्कृष्ट प्रहारांपैकी एक गणला जातो.

पदाचे पहिले रक्षण त्यांनी जवळपास अकरा महिन्यांनी, ५ जून १९५२ रोजी फिलाडेल्फिया येथे पुन्हा चार्ल्स यांच्याविरुद्धच केले. पंधरा फेऱ्यांनंतर तिन्ही गुणपत्रकांवर वॉलकॉट विजयी ठरले. या लढतीचे पंच झॅक क्लेटन हे हेवीवेट जगज्जेतेपदाच्या लढतीत काम पाहणारे पहिले कृष्णवर्णीय पंच होते. हा निर्णयही सर्वमान्य झाला नाही; अनेक वार्ताहरांच्या मते चार्ल्स सरस होते. साडेचार वर्षांपूर्वी आव्हानवीर म्हणून ज्या निसटत्या फेऱ्या वॉलकॉट यांच्या विरोधात गेल्या होत्या, तशाच फेऱ्या आता जगज्जेता म्हणून त्यांच्या पारड्यात पडल्या.

मार्सियानो यांच्याशी लढती

२३ सप्टेंबर १९५२ रोजी फिलाडेल्फिया येथे अपराजित आव्हानवीर रॉकी मार्सियानो यांच्याशी लढत झाली. वॉलकॉट यांनी पहिल्या फेरीत मार्सियानो यांना खाली पाडले; त्यांच्या व्यावसायिक कारकीर्दीत ते प्रथमच असे पडले होते. लढतीच्या मध्यावर मार्सियानो यांना डोळ्यांची जळजळ होऊन काही काळ नीट दिसेनासे झाले. वॉलकॉट यांच्या बाजूने एखादा पदार्थ वापरल्याचा आरोप त्यांच्या सहायकांनी केला; तो सिद्ध झाला नाही. बारा फेऱ्यांनंतर तिन्ही गुणपत्रकांवर वॉलकॉट आघाडीवर होते. तेराव्या फेरीत मार्सियानो यांच्या उजव्या हाताच्या आखूड प्रहाराने ते नॉकआउट झाले व पद गेले.

१५ मे १९५३ रोजी शिकागो येथील पुनर्लढत पहिल्याच फेरीत संपली. खाली पडलेले वॉलकॉट बसलेल्या अवस्थेत राहिले आणि दहापर्यंतची मोजणी पूर्ण झाल्यावर उठले. मोजणी घाईने झाल्याचा आक्षेप बोकीकियो यांनी घेतला. निकाल मात्र बदलला नाही. प्रेक्षकांची निराशा झाली. यानंतर वॉलकॉट निवृत्त झाले. उपलब्ध नोंदींनुसार त्यांनी ७१ लढतींपैकी ५१ जिंकल्या (त्यांपैकी ३२ नॉकआउटने), १८ गमावल्या आणि २ अनिर्णित राहिल्या.

लढण्याची शैली

वॉलकॉट हे ताकदीपेक्षा चातुर्यासाठी ओळखले जात. प्रतिस्पर्ध्यापासून पाठ फिरवल्यासारखे करून दोन पावले चालत जायचे आणि अचानक वळून उजव्या हाताने प्रहार करायचा, ही त्यांची प्रसिद्ध युक्ती होती. पदलालित्य, खांद्यांच्या हुलकावण्या आणि दोन्ही हातांनी नॉकआउट करण्याची क्षमता यांमुळे त्यांची शैली नंतरच्या खेळाडूंनी अभ्यासली. मात्र ही शैली निसटत्या फेऱ्यांमध्ये परीक्षकांना सहज पटणारी नव्हती.

निवृत्तीनंतरचे जीवन

चित्रपट

१९५६ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘द हार्डर दे फॉल’ या चित्रपटात वॉलकॉट यांनी प्रशिक्षकाची भूमिका केली. ठरवून जिंकवलेल्या लढती आणि खेळाडूंचे शोषण हा त्या चित्रपटाचा विषय होता. प्रख्यात अभिनेते हम्फ्री बोगार्ट यांचा तो अखेरचा चित्रपट होय.

अली–लिस्टन लढतीचे पंच (१९६५)

२५ मे १९६५ रोजी मेन राज्यातील ल्यूइस्टन या लहान शहरात मुहम्मद अली व सनी लिस्टन यांची दुसरी लढत झाली. वॉलकॉट पंच होते. पहिल्याच फेरीत अली यांच्या प्रहाराने लिस्टन खाली पडले. उभा असलेला खेळाडू तटस्थ कोपऱ्यात गेल्यावरच मोजणी सुरू करावी, असा नियम आहे. अली मात्र लिस्टन यांच्यासमोर उभे राहून ओरडत राहिले आणि त्यांना कोपऱ्यात नेण्याच्या प्रयत्नात वॉलकॉट यांची मोजणी झालीच नाही. लिस्टन उठले व लढत पुन्हा सुरू झाली. तेवढ्यात रिंगणाबाहेर बसलेले ‘द रिंग’ मासिकाचे संपादक नॅट फ्लायशर यांनी दहा सेकंद उलटून गेल्याचे ओरडून सांगितले. वॉलकॉट दोघा खेळाडूंना तसेच सोडून त्यांच्याकडे गेले आणि परत येऊन त्यांनी लढत थांबवली.

फ्लायशर यांना त्या लढतीत कोणताही अधिकृत अधिकार नव्हता. त्यांच्या सांगण्यावरून जगज्जेतेपदाचा निकाल लागल्यामुळे वॉलकॉट यांच्यावर टीकेची झोड उठली. लिस्टन मुद्दाम पडले, अशी शंका आजही व्यक्त होते. मात्र वॉलकॉट यांच्या प्रामाणिकपणाविषयी नव्हे, तर त्यांच्या अननुभवाविषयी प्रश्न उपस्थित झाले. निष्णात खेळाडू हा निष्णात पंच असतोच असे नाही, याचे उदाहरण म्हणून या लढतीचा उल्लेख होतो.

सार्वजनिक पदे

वॉलकॉट यांनी कॅम्डेनमध्ये बालगुन्हेगारांच्या सुधारणेसाठी काम केले. १९७१ मध्ये ते कॅम्डेन परगण्याचे शेरीफ म्हणून निवडून आले. हे पद मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय होत. १९७५ ते १९८४ या काळात ते न्यू जर्सीच्या मुष्टियुद्ध नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. १९७८ मध्ये अटलांटिक सिटी येथे कॅसिनो सुरू झाल्यानंतर त्या शहरात लढतींची संख्या झपाट्याने वाढली आणि मंडळावरील जबाबदारीही वाढली. राज्याच्या अन्वेषण आयोगाने १९८४ मध्ये मुष्टियुद्धाच्या नियमनातील उणिवांवर आणि १९८५ मध्ये या खेळातील संघटित गुन्हेगारीच्या शिरकावावर अहवाल दिले. सत्तराव्या वर्षी वॉलकॉट या पदावरून निवृत्त झाले.

मृत्यू आणि वारसा

२५ फेब्रुवारी १९९४ रोजी कॅम्डेन येथे वयाच्या ८० व्या वर्षी वॉलकॉट यांचे निधन झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ४५ वर्षांच्या जॉर्ज फोरमन यांनी जगज्जेतेपद जिंकून त्यांचा वयाचा विक्रम मोडला. आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध गौरव दालनात १९९० मध्ये, म्हणजे पहिल्याच तुकडीत, वॉलकॉट यांचा समावेश करण्यात आला होता.

१९४७ च्या निर्णयानंतरच्या दशकांत गुणपद्धती बदलली. जगज्जेतेपदाच्या लढतींत आता रिंगणातील पंच सामान्यतः गुण देत नाही. तीन स्वतंत्र परीक्षक दहा गुणांच्या पद्धतीने प्रत्येक फेरीचे मूल्यमापन करतात. २००० साली अमेरिकेत संमत झालेल्या मुहम्मद अली मुष्टियुद्ध सुधारणा कायद्याने जगज्जेतेपदाच्या आमिषाने आयोजकांना मिळणाऱ्या सक्तीच्या करारांवर मर्यादा घातल्या. तरीही वादग्रस्त निर्णय थांबलेले नाहीत आणि असा प्रत्येक निर्णय लागला की लुईस–वॉलकॉट लढतीची आठवण निघते.

जगज्जेतेपदाच्या लढती

५ डिसेंबर १९४७ – जो लुईस, न्यूयॉर्क – पराभव (गुणांवर, विभागलेला निर्णय)
२५ जून १९४८ – जो लुईस, न्यूयॉर्क – पराभव (नॉकआउट, ११ वी फेरी)
२२ जून १९४९ – एझर्ड चार्ल्स, शिकागो – पराभव (गुणांवर)
७ मार्च १९५१ – एझर्ड चार्ल्स, डेट्रॉइट – पराभव (गुणांवर)
१८ जुलै १९५१ – एझर्ड चार्ल्स, पिट्सबर्ग – विजय (नॉकआउट, ७ वी फेरी)
५ जून १९५२ – एझर्ड चार्ल्स, फिलाडेल्फिया – विजय (गुणांवर)
२३ सप्टेंबर १९५२ – रॉकी मार्सियानो, फिलाडेल्फिया – पराभव (नॉकआउट, १३ वी फेरी)
१५ मे १९५३ – रॉकी मार्सियानो, शिकागो – पराभव (नॉकआउट, १ ली फेरी)